शी तपासायला दिली, पुढे काय होते?



डिसेंबरच्या सुट्टीत भारतवारी करून आलेल्या घरांतून जानेवारीत आम्हाला हमखास फोन येतात. "पुण्याला तीन आठवडे काही झाले नाही, आणि इथे आल्यावर चौथ्या दिवशी धाकट्याला जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी औषध दिलेच नाही, नुसती शी तपासायला सांगितली." आवाजात काळजी असते आणि थोडा रागही. तिकडे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सिरप लिहून दिले असते, आणि इथे अमेरिकेत तीन दिवस झाले तरी रिपोर्टचा पत्ता नाही!

आम्ही दोघेही रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत काम करतो. म्हणजे तुम्ही नाक मुरडत जी बरणी काउंटरवर ठेवून येता, तिचे झाकण उघडणारी माणसे आम्हीच. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला काय औषध द्यावे हे या लेखात सांगणार नाही. पण त्या तीन दिवसांत बरणीचे काय होते, रिपोर्ट कधी कधी कोरा का येतो, आणि कधी एकदम चार जंतूंची नावे येऊनही डॉक्टर स्वस्थ का बसतात, हे सांगता येईल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि आपोआप थांबतात. त्यामुळे प्रत्येक वेळी तपासणी लागत नाही. शीमध्ये रक्त किंवा आव, ताप, पोटात जोराचा मुरडा, लांबलेले जुलाब किंवा नुकताच झालेला प्रवास असेल तर डॉक्टर नमुना मागतात.

आमची पहिली अडचण गर्दीची. एक ग्रॅम शीमध्ये साधारण शंभर अब्ज जिवाणू असतात आणि ते जवळजवळ सगळे निरुपद्रवी, आपलेच रहिवासी. १८८५ मध्ये म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक यांनी तान्ह्या बाळांच्या शीमधून असाच एक रहिवासी शोधला. त्यालाच पुढे त्यांच्या नावावरून ई. कोलाय म्हणू लागले. या जत्रेत चोर एखादाच असतो आणि त्याचे कपडेही इतरांसारखेच असतात.

त्याला वेगळा काढायची जुनी आणि अजूनही भरवशाची पद्धत म्हणजे कल्चर. शीचा कणभर भाग अगारच्या प्लेटवर रेघा ओढत पसरायचा आणि प्लेट रात्रभर शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३५ ते ३७ अंश सेल्सियसला ठेवायची. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला, खरवसासारखा थलथलीत पदार्थ. आपला चायना ग्रास तोच. खरी गंमत मात्र त्यात घातलेल्या मसाल्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिव्हरपूलच्या आल्फ्रेड मॅक्कॉन्की यांनी त्यात पित्तक्षार, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि आम्ल होताच गुलाबी होणारा रंग घातला. पित्तात न टिकणारे जंतू तिथेच गळतात. उरलेल्यांपैकी साधा ई. कोलाय लॅक्टोज खाऊन आम्ल तयार करतो आणि त्याचे ठिपके गुलाबी दिसतात. साल्मोनेला आणि शिगेला लॅक्टोज आंबवत नाहीत, म्हणून त्यांचे ठिपके बिनरंगी राहतात. शंभरेक वर्षे झाली तरी सकाळी आम्ही प्लेट उजेडात धरून हेच पाहतो: गुलाबी गर्दीत एखादा फिकट ठिपका आहे का? सोबत एक्सएलडी नावाची दुसरी प्लेट असते. तिच्यावर साल्मोनेलाचा ठिपका लाल आणि मध्ये काळा दिसतो, कारण तो हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतो. शिगेला नुसता लाल.

संशयित ठिपका दिसला की तो उचलून शुद्ध वाढवायचा, म्हणजे आणखी एक रात्र. मग ओळख पटवायची. हल्ली बऱ्याच प्रयोगशाळांत यासाठी माल्डी-टॉफ नावाचे यंत्र असते. ते लेसरने जंतूची प्रथिने उडवते आणि त्यांच्या वजनांच्या नक्षीवरून काही मिनिटांत नाव सांगते. पण शिगेला आणि ई. कोलाय हे इतके सख्खे भाऊ आहेत की या महागड्या यंत्रालाही त्यांच्यातला फरक नीट कळत नाही. तिथे अजून जुन्या रासायनिक चाचण्या आणि काचपट्टीवर अँटिसेरमचा थेंब टाकून गुठळ्या होतात का ते पाहणे, हेच करावे लागते. त्यानंतर कोणते औषध लागू पडेल ते पाहायचे. जंतू प्लेटभर पसरून त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती मिलिमीटरपर्यंत वाढ झालेली नाही ते मोजतात. ही आणखी एक रात्र. तुमचे तीन-चार दिवस गेले ते असे. जंतूंना वाढायला वेळ लागतो, त्याला आमचा इलाज नाही.

आता कोऱ्या रिपोर्टविषयी. त्याचा अर्थ "काही नाही" असा नसून "आम्ही जे शोधले ते मिळाले नाही" असा असतो. कॅम्पिलोबॅक्टरची गोष्ट याचे चांगले उदाहरण आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून, न तापवलेल्या दुधातून पोटात जाणारा हा जंतू नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही. त्याला ४२ अंश तापमान, ५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आणि दोन-तीन दिवस लागतात. १९७७ मध्ये इंग्लंडच्या मार्टिन स्किरो यांनी इतर जंतूंना रोखणारी औषधे घालून त्याच्यासाठी सोपे माध्यम दाखवले, आणि मग जिकडेतिकडे हा जंतू सापडू लागला. मुले त्याआधीही आजारी पडत होतीच. फक्त त्यांचे रिपोर्ट कोरे येत होते.

आजही तसेच आहे. अमेरिकेतल्या साध्या स्टूल कल्चरमध्ये बहुधा साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि विशिष्ट विषारी ई. कोलाय एवढेच शोधतात. कॉलऱ्याच्या जंतूसाठी टीसीबीएस नावाची वेगळी प्लेट लागते. तिच्यावर तो पिवळा उगवतो, पण कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय ती प्लेट लावली जातेच असे नाही. म्हणून फॉर्मवर "नुकताच भारतप्रवास" हे शब्द लिहिलेले असणे आम्हाला फार उपयोगाचे असते. परत आल्याची तारीखही लिहा. काही घरांत हे सांगायला संकोच वाटतो, "उगाच आपल्या देशाला नावे ठेवायला नकोत" असे वाटते. आम्हाला ते कळते, पण लिहा.

ताप चढत असेल आणि टायफॉइडची शंका असेल तर शीपेक्षा रक्ताचे कल्चर महत्त्वाचे. सुरुवातीच्या दिवसांत टायफॉइडचा जंतू शीमध्ये अनेकदा सापडत नाही. भारतात सर्रास होणारी विडाल चाचणी इथे का करत नाहीत असेही विचारले जाते. ती जंतू शोधत नाही, शरीरातली प्रतिद्रव्ये मोजते, आणि ती जुन्या संसर्गामुळेही वाढलेली असू शकतात.

सगळ्यात मोठा घोळ मात्र ई. कोलायचाच. एशेरिक यांचा हा सज्जन रहिवासी काही वेळा बिघडतो. १९४५ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन ब्रे यांनी तान्ह्या मुलांमधल्या जुलाबाच्या साथीचा संबंध एका खास ई. कोलायशी जोडला. आज जुलाब घडवणारे ई. कोलायचे पाच तरी मुख्य प्रकार मानले जातात. प्रवाशांना होणाऱ्या पाण्यासारख्या जुलाबांमागे अनेकदा यांतला विष सोडणारा एक प्रकार असतो. विषामुळे आतड्यातून पाणी कसे सुटते हे समजायला सुरुवात झाली तीही कोलकात्यात. डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर कॉलऱ्याच्या विषाचा परिणाम दाखवला होता. पण प्लेटवर हे जवळजवळ सगळे ई. कोलाय सारखेच गुलाबी दिसतात. त्यामुळे मूल दिवसाला दहा वेळा जात असते आणि कल्चरचा रिपोर्ट म्हणतो, नेहमीचे जंतू वाढले, रोगकारक काही नाही. आम्ही खोटे बोलत नसतो. त्या पद्धतीने ते दिसतच नाही.

यांतला एक प्रकार सगळ्यात भयंकर आहे, आणि हा लेख लिहायचे कारणही तोच. ओ१५७ हा ई. कोलाय १९८२ मध्ये ऑरेगन आणि मिशिगनमध्ये हॅम्बर्गर खाऊन आजारी पडलेल्यांमुळे ओळखला गेला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात अशीच मोठी साथ आली आणि तिच्यात चार मुले दगावली. हा जंतू जे विष सोडतो त्याला शिगा विष म्हणतात. जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये आव होणाऱ्या रोग्यांत शोधलेल्या शिगेलाच्या विषाशी त्याचे नाते आहे, म्हणून हे नाव. या विषामुळे काही मुलांमध्ये जुलाब सुरू झाल्यावर आठवडाभराने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट्स घसरतात आणि मूत्रपिंडे बंद पडू लागतात. ओ१५७ ची लागण झालेल्या दर शंभरांत पाच ते दहा जणांना हे होते, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत प्रमाण त्याहून जास्त असते.

मंडळी, इथे नीट लक्ष द्या. शिगेलाच्या रक्ती आवेत अँटिबायोटिक अनेकदा उपयोगी पडते. शिगा विषाच्या ई. कोलायमध्ये तेच अँटिबायोटिक घात करू शकते, कारण काही औषधांनी जंतू मरताना अधिकच विष सोडतो. जुलाब थांबवणारी गोळीही अशा वेळी टाळायची असते. डायपरमध्ये दोन्ही आजार सारखेच दिसतात: शीमध्ये रक्त, पोटात कळ, रडणारे मूल. नुसते बघून फरक सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण. डॉक्टर औषध न देता नमुना मागतात तेव्हा ते बहुधा याच उत्तराची वाट पाहत असतात.

आमच्या ओळखीच्या एका घरात अगदी हेच घडले. नाशिकहून येऊन अडीच आठवडे झाले होते. चार वर्षांच्या मुलीच्या शीत रक्त दिसले आणि सगळ्यांनी गृहीत धरले की हे तिकडचेच काहीतरी. आजी इकडे आलेल्या होत्या. फ्रीजमध्ये तिकडच्या डॉक्टरांनी "असू द्या जवळ" म्हणून दिलेले, ऑफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र असलेले सिरप होते. रात्री साडेदहाला आईचा फोन आला: "देऊ का दोन चमचे?" आम्ही एवढेच म्हणालो की आधी डॉक्टरांच्या रात्रीच्या नंबरवर फोन करा, आणि काहीही देण्यापूर्वी नमुना धरून ठेवा. आजी चिडल्या. त्यांचेही बरोबर होते. त्यांनी तीन मुले आणि पाच नातवंडे अशीच बरी केली होती. दुसऱ्या दिवशी शिगा विषाची चाचणी पॉझिटिव्ह आली. मग आठवले, आदल्याच आठवड्यात मुलीने कौंटी फेअरमध्ये वासरांना आणि शेळ्यांना हाताने चारा भरवला होता. नाशिकचा संबंधच नव्हता. पुढे आठवडाभर दर एक-दोन दिवसांनी तिचे रक्त तपासले, लघवीवर लक्ष ठेवले. प्लेटलेट्स थोड्या उतरल्या आणि पुन्हा चढल्या. ती आता पहिलीत आहे.

हे विष शोधायचे कसे? ओ१५७ सॉर्बिटॉल नावाची साखर लवकर आंबवत नाही. म्हणून लॅक्टोजऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या मॅक्कॉन्की प्लेटवर तो बिनरंगी दिसतो आणि पकडला जातो. पण शिगा विष सोडणारे इतरही ई. कोलाय आहेत, ते या सापळ्यातून निसटतात. म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने सांगितले की बाहेर लागण झालेल्या जुलाबांचा नमुना आला की ओ१५७ चे कल्चर आणि विषाची थेट चाचणी दोन्ही एकाच वेळी करा.

आणि आता पीसीआर. २०१३-१४ पासून अमेरिकेत अशा यंत्रांना मान्यता मिळाली आहे की शीचा थोडासा नमुना घातला की तासाभरात वीस-बावीस जंतू, विषाणू आणि परजीवी आहेत की नाहीत ते कळते. जंतू वाढवायचाच नाही, त्याच्या जनुकाचा तुकडा शोधायचा आणि त्याच्या प्रती काढत जायचे. शिगा विषाचे जनुक, विष सोडणाऱ्या प्रवासी ई. कोलायचे जनुक, सगळे एका फटक्यात. कल्चरला न दिसणारे इथे दिसते. जंतू मेलेला असला तरी दिसतो, त्यामुळे सिरपचे दोन चमचे पोटात गेल्यावरही उत्तर मिळू शकते.

मग अडचण काय? अडचण अशी की हे यंत्र फार जास्त बघते. भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि आफ्रिकेतील चार देशांत पाच वर्षांखालील मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भारतातले केंद्र कोलकात्याला होते. त्यात मध्यम ते तीव्र जुलाबांच्या ८३ टक्के मुलांत एखादा तरी संशयित जंतू सापडला. पण शेजारपाजारच्या, जुलाब नसलेल्या मुलांतही तो ७२ टक्के जणांत होता! म्हणजे जंतू सापडणे वेगळे आणि त्याने आजार होणे वेगळे. २०१६ मध्ये त्याच नमुन्यांचा एक भाग, जंतू किती आहे हे मोजणाऱ्या पीसीआरने पुन्हा तपासला. तेव्हा शिगेलाचा वाटा जुन्या पद्धतीने धरला होता त्याच्या सुमारे दुप्पट निघाला. शिगेला बरणीत फार लवकर मरतो, कल्चरपर्यंत पोचतच नाही, हे त्याचे एक कारण असावे.

रुग्णालयातल्या यंत्रांचा रिपोर्ट मात्र बहुधा फक्त "आहे" किंवा "नाही" एवढाच येतो, किती आहे ते नाही. तीन आठवडे आजोळी राहून आलेल्या मुलाच्या रिपोर्टवर तीन-चार नावे लागणे यात आश्चर्य काही नाही. त्यांतले एक-दोन ई. कोलाय नुसते पाहुणे असू शकतात. एक वर्षाखालच्या बाळांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू तर काहीही न करता सुखाने राहतो, त्यामुळे त्या वयात त्याची तपासणी सहसा करतच नाहीत. आणि निरोगी मुलाला साधा साल्मोनेला झाला असेल तर अँटिबायोटिकने तो उलट जास्त दिवस शीमधून पडत राहू शकतो. तान्ह्या बाळाची, विशेषतः तीन महिन्यांखालच्या, गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर थांबत नाहीत.

पीसीआरमध्ये आणखी एक उणीव आहे. जंतू हातात येत नाही, त्यामुळे त्यावर औषधाच्या चकत्या लावता येत नाहीत. दक्षिण आशियातून येणारे शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि टायफॉइडचे जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीतल्या औषधांना अनेकदा दाद देत नाहीत. म्हणून यंत्राने शिगेला सांगितला की आम्ही तोच नमुना पुन्हा प्लेटवर लावतो. घरी आधीच सिरप दिलेले असेल तर इथे काहीच उगवत नाही, आणि डॉक्टरांना औषध अंदाजाने निवडावे लागते. एका घरी असे झाले होते. विचारल्यावर उत्तर आले, "दोनच चमचे दिले होते, म्हणून सांगितले नाही."

उगवलेला जंतू पुढे राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतही जातो. तिथे त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचतात. २०१९ पासून देशभर हीच पद्धत आहे, आणि दोन वेगळ्या राज्यांतल्या मुलांचे जंतू तंतोतंत जुळले की एखाद्या भाजीचा किंवा मसाल्याचा माग लागतो. म्हणून कधी आरोग्य खात्यातून फोन येतो आणि मागच्या आठवड्यात काय काय खाल्ले ते विचारतात. घाबरू नका, ही चौकशी साथ शोधण्यासाठी असते. "घरचेच साधे जेवण" असे न म्हणता पाणीपुरी, पनीर, कोथिंबीर सगळे सांगा. डे-केअरमध्ये परत कधी पाठवायचे हेही त्यांनाच विचारा, कारण शिगेला आणि ओ१५७ साठी राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. शिगेलाचे तर दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी लागण होते.

नमुना घेताना एवढे पाहा. डायपरचे जेल पातळ शी शोषून घेते, म्हणून आत स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा पातळ कागद अंथरा. लघवी मिसळू देऊ नका. जिथे रक्त किंवा आव दिसते तोच भाग घ्या. द्रव भरलेली बाटली मिळाली असेल तर तो द्रव ओतून टाकू नका, हे खरेच घडते! त्यातच जंतू जिवंत राहतात. रेघेपर्यंतच भरा. रिकामी बरणी असेल तर दोन तासांच्या आत पोचवा. रात्री घेऊन सकाळी कामावर जाताना दिली तर शिगेला आमच्याकडे जिवंत पोचेलच असे नाही.

तोपर्यंत मुलाला ओआरएस घोट घोट देत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्याहून जास्त मीठ नको. जेवण आणि अंगावरचे दूध बंद करायचे कारण नाही. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, किंवा लघवी खूप कमी झाली तर रिपोर्टची वाट न पाहता इमर्जन्सीत न्या. रक्ताचे जुलाब थांबल्यावर चार-पाच दिवसांनी मूल पांढरेफटक दिसू लागले किंवा लघवी कमी झाली, तरीही तसेच.

शिगा विष पॉझिटिव्ह आले की आम्ही तो निकाल नुसता संगणकावर टाकत नाही, डॉक्टरांना लगेच फोन करतो, मग शनिवार असो की रात्रीचे दोन. डॉक्टर तुम्हाला फोन करतात तो बहुधा रुग्णालयाच्या नंबरवरून, आणि आपण टेलिमार्केटिंग समजून अनोळखी नंबर उचलत नाही. नमुना दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत तेवढे फोन उचला, आणि फॉर्मवर आई-बाबांचे दोन्ही नंबर लिहा.